प्रस्तावनेचा शेवटचा प्रश्न

"कोकाटेबाई, तुम्ही प्रश्न विचारता तरी कशाला?"

हिंगमिरे सरांनी लाल पेनाचं टोपण काढता काढता विचारलं आणि मी तोंडातल्या तोंडात शब्द न घोळवता लगेच म्हटलं, "मुलांनी विचार करावा म्हणून, सर."

"मग करू द्या की त्यांना! तुम्ही प्रश्न विचारता आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच देऊन मोकळ्या होता. आज बारा प्रश्न विचारलेत. बाराच्या बारा उत्तरं तुमची. पोरांनी फक्त हजेरी दिली."

शेजारी उभी असलेली नजमा फिस्सकन हसली. सरांनी माझ्या पाठवहीत लाल शाईने लिहिलं, 'प्रश्न विचारून थांबावे.' त्याच्या आधीच्या पानावर तेच होतं. त्याच्या आधीच्याही.

ही एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. बार्शीला मी बी.एड. करत होते. नजमा पटवेकर माझी वर्गातली आणि खोलीवरचीही मैत्रीण. बी.एड. म्हणजे काय, तर आम्ही गावातल्या शाळांत जाऊन सराव पाठ घ्यायचे, मागे बसून हिंगमिरे सरांनी ते पाहायचे आणि आमच्या चुका काढायच्या. बाकीच्या पोरी नुकत्या कॉलेजातून आलेल्या, खडू हातात घेतला तरी थरथरायच्या. मी मात्र चार वर्षं एका खेड्यातल्या शाळेत शिकवून आलेली. पत्र्याच्या खोलीत ऐंशी पोरं, पलीकडे लाकडी पार्टिशन आणि पार्टिशनच्या पल्याड सतरा ते तेविसाचे पाढे. तिथे प्रश्न विचारून थांबलं, तर तेवढ्यात दोघांची मारामारी होऊन तिसरा रडत घरी गेलेला असायचा. म्हणून मला सवयच लागली. विचारायचं आणि सांगून टाकायचं. पोरं पास होत होती, कुणाची तक्रार नव्हती.

पण सरकारने पत्रक काढलं की बी.एड. नसलेल्यांना ठेवू नका. मुख्याध्यापकांनी मला बोलावून एक वर्षाची रजा दिली आणि गोड आवाजात सांगितलं, "वार्षिक पाठात पास होऊन या, बाई. नाहीतर जूनला आमचा नाइलाज." त्यांचा नाइलाज मला चांगला ठाऊक होता. तो म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी, बी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसलेली. माझ्या पगारावर घरची चार माणसं जेवत होती. नापास झाले की माझ्या खुर्चीवर ती बसणार, इतकं सरळ होतं ते.

"उपाय सांगतो," हिंगमिरे सर म्हणाले. तसे ते मायाळू होते, फक्त लाल पेन हातात आलं की बिघडायचे. "प्रश्न विचारला की मनात एक ते दहा मोजायचं. दहा होईपर्यंत मेलं तरी तोंड उघडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "वनस्पती अन्न कशात तयार करतात?" आणि मोजायला लागले. चारपर्यंत पोचले तेव्हा लक्षात आलं की सगळा वर्ग माझ्या मागोमाग म्हणतोय, "पाच! सहा! सात!" मी मोठ्याने मोजत होते, बाई! वीस झाले तरी पोरं थांबेनात. लाल शाईत त्या दिवशी नवीन शेरा आला, 'मनात.'

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वार्षिक पाठांची यादी लागली. माझ्या नावापुढे इयत्ता सातवी ब, विज्ञान, घटक हवेचा दाब. आणि बाहेरचे परीक्षक, खासनीस सर. नाव वाचून नजमाने मला यादीपासून बाजूला ओढलं आणि आधी पाणी पाजलं.

खासनीस सर कोल्हापूरकडचे. त्यांची ख्याती अशी, की ते पाठाची पहिली पाच मिनिटं कान टवकारून ऐकतात आणि उरलेला अर्धा तास निकाल मनात पक्का करून बसतात. पहिली पाच मिनिटं म्हणजे प्रस्तावना. तिचा एक कायदाच होता. पाच प्रश्न विचारायचे. पहिले चार असे, की पोरांनी धडाधड उत्तरं द्यावीत. पाचवा असा, की सगळ्यांची बोलती बंद व्हावी. वर्ग गप्प झाला की आपण हसून म्हणायचं, "तर मग आज आपण याचाच अभ्यास करू या." पाचव्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच, तर झालं वाटोळं. पोरांना येतंच, तर तुम्ही शिकवताय काय? आदल्या वर्षी खासनीस सरांनी एवढ्यावरून दोघांना घरी पाठवलं होतं.

आणि सातवी बला हवेचा दाब येत होता. यायचाच की! त्या एका वर्षात आमच्यापैकी सहा जणांनी त्याच वर्गात हवेच्या दाबाचा पाठ घेतला होता. पोरांना तो झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता.

"घाबरू नको," नजमा म्हणाली. "कमलला भेट."

कमल ढेंबरे सातवी बची मॉनिटर. बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आणि चेहरा तालुक्याच्या मामलेदाराचा. आम्ही मधल्या सुट्टीत तिला नळापाशी गाठलं. तिने आधी माझ्याकडे खालून वर पाहिलं.

"कुठला घटक, बाई?"

"हवेचा दाब."

"परत?" तिने सुस्कारा सोडला. "बरं. पाचव्या प्रश्नाला गप बसायचं ना? खूण काय ठेवताय?"

"खूण?"

"खूण लागती की ओ! नाहीतर आमाला कसं कळायचं पाचवा कुठला ते? मागच्या खेपेला एक सर चारच प्रश्न विचारून थांबले, आम्ही आपले वाट बघत बसलो." तिने दप्तरातून विज्ञानाची वही काढून शेवटचं पान उघडलं. तिथे यादी होती. चष्मा काढला की गप्प. डस्टर उजव्या हातातून डाव्या हातात गेलं की गप्प. खडू टेबलावर आडवा ठेवला की गप्प. प्रत्येकासमोर नाव. खडूसमोर नजमाचं.

मी नजमाकडे पाहिलं. नजमाने नळाकडे पाहिलं.

"चष्मा, खडू, डस्टर, रुमाल, सगळं गेलंय," कमल म्हणाली. "बांगडी शिल्लक हाय. डाव्या हाताने उजव्या हातातली बांगडी धरायची. धरली की वर्ग गप्प, सोडली की बोलणार. जमंल?"

"जमेल."

"आणि तक्ता आमाला द्यायचा."

हा त्यांचा भाव होता. सातवी बच्या खिडक्यांना झडपा नव्हत्या आणि सकाळच्या शाळेत ऊन थेट डोळ्यांवर यायचं. म्हणून पोरं पाठ झाला की आमचे तक्ते ठेवून घ्यायची आणि खिडकीला बांधायची. एका खिडकीत हृदय होतं, दुसरीत बेडकाची पचनसंस्था, तिसरी उघडी होती. मी तक्ता मोठा काढायचं कबूल केलं.

पाठाच्या दिवशी मी हिरव्या काचेच्या सहा-सहा बांगड्या भरल्या. टेबलावर पाण्याचा तांब्या, काचेचा पेला, पोस्टकार्डाच्या मापाचे चार पुठ्ठे. मागच्या बाकांवर निरीक्षणाच्या वह्या उघडून नजमा आणि बाकीचे आठ जण बसले होते. खिडकीशी हिंगमिरे सर. आणि मधोमध खुर्चीवर खासनीस सर, उंच, सडपातळ, धोतर-कोट, गुडघ्यावर गुणपत्रकाची वही. त्यांनी मान हलवली आणि मी सुरू केलं.

पहिले चार प्रश्न असे गेले की मलाच माझं कौतुक वाटलं. सायकलच्या चाकात काय भरतात? फुग्यात काय भरतात? प्रश्न विचारून मी मनात मोजायची, तिसऱ्याच आकड्याला अठ्ठेचाळीस हात वर. पाचवा प्रश्न विचारला, "आपल्या चहूबाजूंना असलेली ही हवा आपल्यावर काय करत असेल?" आणि बांगडी धरली. वर्ग चिडीचूप. एकाने तर कपाळाला आठ्या घालून छताकडे पाहिलं, त्याला नाटकातच घालायला हवा होता. मी हसून 'आज आपण याचाच अभ्यास करू या' हे हेतुकथन केलं, बांगडी सोडली. खासनीस सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. हिंगमिरे सरांनी मला डोळ्यांनीच शाबासकी दिली. देवा, झालं, मी मनात म्हटलं. आता फक्त प्रयोग.

प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. पेल्यात पाणी घ्यायचं, वर पुठ्ठा ठेवायचा, हाताने दाबून पेला पालथा करायचा आणि खालचा हात काढून घ्यायचा. पाणी पडत नाही. मी पेला पालथा केला, डावा हात काढला, पुठ्ठा तसाच राहिला. पोरं "आऽऽ" म्हणाली. सातव्यांदा पाहत होती, पण मनापासून म्हणाली.

"सांगा बरं, पाणी का पडलं नाही?"

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. कुणाचाही हात वर नाही. सात, आठ. कुणी नाही. दहा झाले. अरे, हे काय? मी कमलकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे मोठे केले होते. मला वाटलं, पोरगी घाबरली. तिला काय सांगू, मीही घाबरले होते. आणि घाबरले की माझा हात कापतो. पेला पालथा केल्याबरोबरच तो कापायला लागला होता, म्हणून मी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं होतं. बांगड्यांसकट.

हे मला कळलं नाही. वर्गातल्या बाकी सगळ्यांना कळलं. मागे नजमा स्वतःचं मनगट धरून सोडत होती, धरून सोडत होती. मला वाटलं तिला तिथे काही चावलं. एरवी मी एव्हाना उत्तर सांगून मोकळी झाले असते. जीभ दातांवर येऊन उभी होती. पण वर्षभराची लाल शाई डोळ्यांपुढे नाचत होती, म्हटलं मेलं तरी तोंड उघडायचं नाही. आज मंदा कोकाटे थांबणार. चाळीस झाले. साठ झाले. पेला पालथा, मी उभी, वर्ग मुका.

एकशे दहाला खासनीस सर खुर्चीतून उठले.

ते सावकाश चालत माझ्यापाशी आले. पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "डिंक लावलाय का? लावतात काही जण." आणि धोतर सावरत खाली वाकून, मान तिरपी करून, पुठ्ठा खालून बघायला लागले.

पुठ्ठा सुटला.

अख्खा पेला त्यांच्या तोंडावर रिता झाला. चष्मा, मिशा, कोटाची कॉलर, सगळं चिंब. पुठ्ठा त्यांच्या कपाळाला चिकटून राहिला. आणि वर्गातून एक आवाज नाही! अठ्ठेचाळीस पोरं, समोर परीक्षकाच्या नाकावरून पाणी गळतंय, आणि कुणी हसत नाही, कुणी श्वास सोडत नाही. एकाचा चेहरा जांभळा झाला होता. पण बांगडी धरलेली होती ना! मी आयुष्यात पुन्हा इतकी शिस्त कुठे पाहिली नाही.

"अगं बाई! सर!" म्हणत मी पदर घेऊन त्यांचा चष्मा पुसायला धावले आणि त्यासाठी मनगट सोडलं. त्याच क्षणी सातवी ब एका सुरात, छत उडेल अशा आवाजात ओरडली, "हवेच्या दाबामुळे पाणी पडत नाहीऽऽ, बाईऽऽ!"

आणि मग जे हसली, ते हसूच थांबेना.

खासनीस सरांनी कपाळावरचा पुठ्ठा काढला. धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. हिंगमिरे सर खिडकीशी डोळे मिटून उभे होते. मला तर जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं होतं. नोकरी गेली, घर बसलं, मुख्याध्यापकांची भाची नवी पर्स घेऊन माझ्या खुर्चीवर बसलेलीही मला दिसली.

"उत्तर येत होतं तुम्हाला," खासनीस सर वर्गाला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "मग इतका वेळ गप्प का?"

मॉनिटर म्हणून कमल उभी राहिली. खोटं बोलायचं असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तिच्या कराराच्या ते बाहेर होतं.

"बाईंनी बांगडी धरली होती, सर."

"म्हणजे?"

"बांगडी धरली की गप बसायचं. खूण हाय. पाचव्या प्रश्नाला लागती." आणि सर समजूतदारपणे मान हलवतायत असं पाहून तिला हुरूप आला. "सगळ्यांच्या असत्यात, सर. वहीत लिवून ठेवलंय. दाखवू?"

तिचा हात दप्तरात गेला. मागच्या बाकावर नजमाचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा पाठ दुसऱ्या दिवशी होता, ह्याच सरांपुढे. बाकीचे आठ जण एकदम बेडकाची पचनसंस्था पाहू लागले.

"खूण माझी आहे, सर," मी म्हणाले. ह्या वेळी मोजलंबिजलं नाही. "माझी एकटीची. मीच पोरांना शिकवली. दुसऱ्या कुणाचा काही संबंध नाही."

कमलने माझ्याकडे पाहिलं. मग मागे नजमाकडे. पोरगी हुशार. तिने दप्तर बंद केलं आणि म्हणाली, "वही घरी राहिली, सर."

खासनीस सर बराच वेळ मागच्या बाकांकडे पाहत राहिले. त्यांना कळलं नाही असं मला आजही वाटत नाही. मग ते वळले आणि जमिनीवरच्या थारोळ्याकडे बोट दाखवून वर्गाला विचारलं, "हवेच्या दाबामुळे पाणी पडत नाही म्हणता. मग हे काय आहे?"

पोरांनी जमिनीकडे पाहिलं.

"पडलं का पाणी?"

शांतता. सरांनी माझे दोन्ही हात नीट तपासले. बांगडी सुटलेली होती. तरी शांतता.

"सर," कमल हळूच म्हणाली, "हे पाठाच्या टाचणात नव्हतं."

"बाई, तुम्ही सांगा."

मी तोंड उघडलं. चार वर्षं आणि एक वर्ष मिळून माझ्या तोंडावर अशी वेळ कधी आली नव्हती. आत काहीच नव्हतं. सहा जणांनी तोच प्रयोग केला होता, पण पाच सेकंदांत पेला सरळ करून. त्याच्यापुढे काय होतं, ते कुणी थांबून पाहिलंच नव्हतं.

"मला माहीत नाही, सर," मी म्हटलं. आणि रडूच येणार होतं, तेवढ्यात तोंडातून पुढचं निघून गेलं, "पण पाणी आहे अजून तांब्यात."

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. टाचण टेबलावरून खाली पडलं आणि भिजलं, एवढं आठवतं. कमल पुढे आली, माझ्या हातातून पेला घेतला आणि ओरडली, "बाई, पेला किती तापलाय! हात लावून बघा की ओ!" एकाने ओला पुठ्ठा उचलून दाखवला, तो मधोमध पोळीसारखा वाकला होता. तिसरा म्हणाला, पुठ्ठ्याचं काही नाही, बाईंचा हात कापत होता म्हणून तो सरकला. झालं, तीन पक्ष पडले. परत पेला भरला. ह्या वेळी कमलने धरला, हात न कापवता. मग कोरड्या पुठ्ठ्याने. मग जाड पुठ्ठ्याने. पुठ्ठे संपले तेव्हा खासनीस सरांनी आपल्या वहीचं मागचं पान कापून दिलं. पाणी कधी दोन मिनिटं राहायचं, कधी चार. पोरं बाकांवर उभी राहून मोजत होती, मोठ्याने, आणि ह्या वेळी मी त्यांना थांबवलं नाही. मी फक्त विचारत होते. का? आता का? मघाशी का नाही? आणि खरं सांगते, उत्तर सांगायची मला घाई नव्हती, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतंच.

तास संपल्याची घंटा झाली. इतिहासाचे शिक्षक दारात येऊन, जमिनीवरचं पाणी आणि ओला परीक्षक पाहून, आल्यापावली परत गेले. दुसरी घंटा झाली तेव्हा तांब्या रिकामा होता आणि वाद तसाच होता.

खासनीस सरांनी वही मिटली. दारात थांबून मला म्हणाले, "कारण सापडलं तर कळवा. पण निकालानंतर. आधी कळवलंत तर मी पाकीट फोडणार नाही." आणि चपला चपाक चपाक वाजवत निघून गेले.

खोलीवर आल्यावर नजमाने माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने खडू आडवा न ठेवता पाठ घेतला, पाचव्या प्रश्नाचं उत्तर तीन पोरांनी दिलं आणि ती पास झाली, ते पुढे कळलं. मी मात्र आशा सोडली होती. एप्रिल-मे मी गावाकडे शिवणाच्या क्लासची चौकशी करत काढले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. माझा नंबर होता. मी तो चार वेळा पाहिला आणि पेपर घडी करून पोळ्यांच्या डब्याखाली ठेवला, उगाच कुणी नेईल म्हणून. त्याच दिवशी पत्र लिहिलं. 'आदरणीय सर, पक्कं कारण सापडलेलं नाही. तीन कारणं संभवतात. एक, पुठ्ठा भिजून वाकला व कडेने हवा शिरली. दोन, हात कापल्याने पुठ्ठा सरकला. तीन, हाताच्या उष्णतेने पेल्यात वर उरलेली हवा तापून फुगली व तिने पाणी खाली ढकलले. सातवी बमध्ये एकमत नाही.'

पंधरा दिवसांनी गुणपत्रिका आणायला बार्शीला गेले. हिंगमिरे सरांनी ती माझ्यापुढे सरकवली आणि मग राहवेना, म्हणून म्हणाले, "तुमच्या पाठावर त्यांनी काय शेरा दिला माहितेय? अंतर्गत परीक्षक म्हणून मला खाली सही करावी लागली. 'पहिल्या पाच मिनिटांतली प्रस्तावना ग्राह्य धरलेली नाही. खरी प्रस्तावना चोविसाव्या मिनिटास झाली. शेवटचा प्रश्न अनुत्तरित राहिला. उत्तीर्ण.' वीस वर्षं मी पोरींना सांगतोय, प्रस्तावना पहिल्या पाच मिनिटांत! आता काय सांगू?" आणि मग कॉलेजच्या पत्त्यावर माझ्या नावाने आलेलं एक पोस्टकार्ड दिलं.

कार्डावर चारच ओळी होत्या. 'पहिले कारण बरोबर. घरी अकरा वेळा करून पाहिले. पुठ्ठा वाकला की पाणी पडते. हाताच्या उष्णतेचा परिणाम आढळला नाही. सौ. ने पेले कपाटात कुलूप लावून ठेवले आहेत. खासनीस.'

मी ते कार्ड घेऊन तशीच शाळेत गेले. सातवी ब आता आठवी ब झाली होती, वर्ग तोच. तिसऱ्या खिडकीत माझा हवेच्या दाबाचा तक्ता उलटा बांधलेला होता. मी वर्गशिक्षकांची परवानगी घेतली आणि कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं. पुठ्ठा वाकला म्हणणाऱ्या पोरांनी बाक बडवले.

कमल उठून उभी राहिली. तिला ते मुळीच पटलेलं नव्हतं.

"बाई, सरांना परत पत्र लिवा. त्यांचा प्रयोग चुकलाय."

"अगं, अकरा वेळा केलाय त्यांनी."

"शंभरदा करू द्या की ओ. त्यांचा हात कशाला तापंल? त्यांना कुठं नापास व्हायची भीती होती?"